अन्नपूर्णेचे रोडगे

पुणे, लष्करी इस्पितळ
ता. ८ जानेवारी १९४५

ती. सौ. वच्छलावहिनींस निवृत्तीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मूल व्हावं म्हणून अन्नपूर्णेनं मारुतीला पाळणा वाहण्याचा नवस बोललाय हे तुमच्या पत्रात वाचलं आणि खरं लिहायला बसलो. आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलं, म्हणून हे तुम्हालाच लिहितो. दादांना सावकाश सांगा.

पायाला लागलं असं मी कळवलं होतं, ते खोटं. इटलीत गाडीखाली सुरुंग फुटला, त्याचे तुकडे जांघेत लागले. लघवीची वाट फाटली आहे. पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवलीय, ती बाटलीत सोडलेली असते. मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आमचे डॉक्टर मेजरसाहेब भला माणूस. असे जखमी एका वॉर्डात ठेवून ते वाट पुन्हा शिवायची रीत शोधतात, एकेकाच्या जखमेची चित्रं काढतात. पण इथल्या एकानंही घरी खरं कळवलेलं नाही.

अन्नपूर्णेचं वय ते काय! तिच्या वडलांना सांगून, दुसरा नवरा बघून तिचा पाट लावून द्यावा. मी सोनाळ्याला येत नाही. इथंच कुठं रखवालदारी बघेन. माझ्यावरचा लोभ आता तिच्यावर करावा.

आपला,
निवृत्ती

सोनाळा
ता. २१ जानेवारी

चि. निवृत्तीस वच्छलावहिनीचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र वाचून चुलीपुढं बसून रडले. मग तुझा राग आला. दावं सोडून दुसऱ्याच्या खुंट्याला बांधायला ती काय बाजारातली गाय आहे? तिला न विचारता ठरवणारा तू कोण रे?

म्हणून मी तिला सगळं वाचून दाखवलं. निवडायला घेतलेली डाळ तिनं पुढ्यातून बाजूला सारली. मग एवढंच विचारलं, की त्याइले दुखते काय? मी म्हटलं, मले काय माहीत, त्यालेच पूस.

दुसऱ्या दिवशी ओल्या लुगड्यानं मारुतीपुढं गेली अन् नवस बदलून आली. म्हणे, पाळणा राहू दे, त्याइची लघवी आपल्या वाटेनं होऊ दे, गावाले गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे जेवू घालीन. मी कपाळाला हात लावला. अगं, तो ब्रह्मचारी देव, त्याच्यापुढं हे बोलतात होय! तर म्हणते, देवाले काऊन लाजाव?

हसलास ना? हसावंस म्हणूनच लिहिलं. नळी कशी धुवायची ते डॉक्टरांना विचारून कळव, असा तिचा निरोप आहे. लोभ वाढता ठेव, कमी केलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
वच्छलावहिनी

पुणे
ता. २ मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

नळी धुवायची रीत विचारली तर साहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, असं विचारणारं हे पहिलंच घर.

आता नळीची गरज उरली नाही. त्यांनी वाट शिवली आणि काल नळी काढली. सकाळी मी आपला आपण उभा राहून मोकळा झालो. लेकराचं पहिलं पाऊल बघावं तसे साहेब दारात उभे होते. धार बारीक आहे, अधूनमधून सळई घालून वाट रुंद करावी लागेल.

रोडगे घालाच, पण कशाचे ते सांगू नका, हात जोडतो. मूल नाही ते नाहीच. गावात कोणत्या तोंडानं येऊ? कृपा असू द्यावी.

आपला,
निवृत्ती

सोनाळा
ता. १४ मार्च

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं ऐकायचं ठरलं होतं रे. पण पंगतीत आपल्या भावकीतल्या थोरल्या उत्तमरावांनी विचारलंच, की काऊन व बाई, पोराचा नवस होता काय? अन्नपूर्णा वाढता वाढता थांबली. पदर सावरून म्हणाली, की नाही मामाजी, लढाईत त्याइची लघवीची वाट फाटली होती, ते डाक्तरनं शिवली, त्याचे रोडगे हायेत.

पंगतीतल्यांचे हात पानावरच थांबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग उत्तमरावांनीच आणखी एक रोडगा मागून घेतला, अन् जेवणं पुढं चालली.

सगळे उठल्यावर आपले शेजारी जब्बारचाचा मागं राहिले. पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. लग्न केलं नाही, चारचौघांत बसले नाहीत. आपण त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचो. ते अन्नपूर्णेला म्हणाले, की बेटी, मलेबी असंच लागलं हाय, तवापासून. कोनाले सांगतलं नाही. तो डाक्तर बुढ्याले पाहीन काय? अन् तिथंच भिंतीला टेकून रडले.

अन्नपूर्णेनं त्यांना पुन्हा पान वाढलं. आता काय करायचं ते तू सांग. तुझ्या लोभावर आमचा हक्क आहे, तो विसरू नकोस.

तुझी,
वच्छलावहिनी

पुणे
ता. २२ मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, जब्बारचाचांना लगेच आणा. त्यांना एकटं गाडीत बसवू नका. न्यायला मीच येतो. सोमवारी मलकापूरला उतरेन.

अन्नपूर्णेला स्टेशनावर आणा. पाटाचं लिहिलं ते मी मागं घेतो, तिला पटलं तर. तिनं दुखतं का विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तिला सांगा, दुखतं. बाकीचं तिच्याजवळ बसून सांगेन.

तुमच्या लोभातला,
निवृत्ती