कामियोसेची एकुलती प्रवासी

२ नोव्हेंबर

हिरामात्सु पुन्हा दारात! वस्तीचे प्रमुख म्हणे. हातात खारवलेल्या मुळ्यांची बरणी, कंबर वाकलेली.

"बाई, रेल्वेची प्रवासी-गणती होईपर्यंत तरी थांबा. तुम्ही गेलात तर कामियोसेला गाडीत चढणार कोण? स्टेशन बंद करतील हो!"

"तुम्ही चढा की. पाय आहेत ना?"

"माझ्याकडे मोटार आहे, बाई."

सगळ्यांकडे मोटार आहे. डोळे अधू झाले म्हणून लायसन परत करणारी मीच एक शहाणी. तेव्हा यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या! आता रोज गाडीनं खाली बाजारात जाते, पाव घेते, परत येते. माझ्या जिवावर स्टेशन उघडं, आणि स्टेशनचं लोढणं माझ्या गळ्यात.

मुळे मात्र चांगले होते.

५ नोव्हेंबर

मित्सुएचा फोन. कॉन्व्हेंटात आमचा बाक एक. आता ती समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात आहे, शेजारची खोली तिनं माझ्यासाठी अडवून ठेवली आहे.

"आश्रमवाले खोलीसाठी किती थांबतील ग? आणि मला ऐकू येईनासं झालंय. तुझं ओरडणं तेवढं पोचतं."

मी हसले. ती हसली नाही. मग नुसती गप्प — मित्सुए गप्प! मदर अग्नेसनं तोंडाला पट्टी बांधायची धमकी दिली, तरी जिची जीभ थांबली नाही, ती!

९ नोव्हेंबर

पाऊस, त्यात बर्फाचा भुगा. फलाटावर मी आणि एक कावळा. कावळा उडून गेला.

१० नोव्हेंबर

ठरलं. गणतीच्याच दिवशी जायचं. माझं शेवटचं चढणं मोजून घ्या आणि मला सोडा. हिरामात्सुंना तसं तोंडावर सांगितलं. डोळे पुसले त्यांनी. पुसू देत.

मित्सुएला कळवलेलं नाही. कळलं तर थंडीत स्टेशनवर येऊन उभी राहील, मूर्ख.

१४ नोव्हेंबर, सकाळ

गणतीचा दिवस. बॅग भरली. मुळ्यांची बरणी घासून हिरामात्सुंच्या दारात ठेवली. कुणाचं काही बाकी नको.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

अख्खी वस्ती निरोपाला आली — मोटारींतून! एकालाही गाडीत बसावंसं वाटलं नाही. रिवाजाप्रमाणे सगळे कमरेत वाकले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मान वर करायची नाही.

गाडी आली; शेवटचं स्टेशन, इथूनच ती परत फिरते. दार उघडलं. मी पाऊल टाकणार, तोच आतून एक काठी बाहेर आली. मागून मित्सुए, गाठोड्यासकट.

"तू येईनास. दिली खोली सोडून!"

मी तिला हात देऊन उतरवलं, गाठोडं सावरलं. दार लागलं. गाडी गेली.

"हे लोक कुणाला नमस्कार करताहेत ग?" मित्सुएनं विचारलं.

"माझ्या सुटकेला!" मी ओरडले.

तेव्हा कुठे माना वर झाल्या.