रविवारची लांबची फेरी

५ ऑक्टोबर, रविवार

आज पाय टेकला नाही! टाकीजवळचा तो चढ — दोन महिने तिथे उतरून सायकल ढकलत होते — आज बसल्या बसल्या चढले. वर पोचले तेव्हा कानात नुसते ठोके. माझ्या वर्गातल्या मुलीची आई, बुधी, गवताचा भारा घेऊन समोरून येत होती. थांबून बघतच राहिली. "बाई, कोन मागं लागलंय?" हसू आवरेना.

दाखवायला हे नव्हते. रविवारी हे लांबच्या फेरीला जातात, साखरशेतकडे, एकटे. बाकीचे दिवस सकाळी सहा ते सात आम्ही दोघं. दिवसभर ऑफिसात आवक-जावक लिहिणारा हा माणूस सायकलवर बसला की वेगळाच होतो. शीळ काय घालतो, वाटेतल्या म्हशींशी काय बोलतो! शाळेतल्या मंजुषाबाईंची जुनी सायकल मी घेतली ती यांच्याच आग्रहाने. गिअर कधी बदलायचा, उतारावर ब्रेक कसा हळूहळू दाबायचा, सगळं यांनी शिकवलं. पंधरा वर्षांच्या संसारात मला इतक्या सबुरीने कुणी काही शिकवलं नव्हतं.

रविवारी मीपण येते म्हटलं की — "तुला झेपायचं नाही गं अजून." बघू!

८ ऑक्टोबर

हँडल धरून धरून आता खडू धरला की तळहात दुखतो. बरं वाटतं पण.

१२ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू? क्रमाने लिहिते.

हे साडेसहाला निघाले. मी सातला. म्हटलं, साखरशेतला गाठून चकितच करू. डब्यात नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, दोघांपुरती. रस्ता इतका सुंदर की मीच वेडी झाले. हळूच वर, हळूच खाली, पुन्हा वर. दोन्ही बाजूंना खुरासणी फुललेली — पिवळीधमक! अर्ध्या तासात एक मोटारसायकल आणि एक जीप, बस. बाकी चाकांचा आवाज आणि मी. एका उतारावर तर ब्रेकच दाबला नाही, ओरडले मोठ्याने. चाळिसाव्या वर्षी!

गोजाबाईच्या चहाच्या टपरीवर थांबले. हिच्याच चहाबद्दल हे दर रविवारी सांगतात, आलं किती घालते वगैरे.

"आमचे हे पुढे गेले का? लाल हेल्मेट."

"ते सायकलवालं सायेब? ते नाय आलं. आखाडाच्या आधीपासून नाय आलं. मी म्हनलं बदली झाली असंल."

मी म्हटलं, तुम्ही बघितलं नसेल.

"आवो, सायकलवर इकडं येतंय कोन दुसरं?"

डबा उघडलाच नाही. परत फिरले. मघाचा उतार आता चढ होता.

हे माझ्यानंतर तासाभराने आले. घामाघूम. मी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी म्हणाले, "साखरशेतला आज वारा फार होता. गोजाबाई तुझी चौकशी करत होती."

मी पाणी दिलं. का बोलले नाही मी?

१३ ऑक्टोबर

हे अंघोळीला गेले तेव्हा यांचा फोन उघडला. आजवर कधी हात लावला नव्हता. सायकलच्या त्या ॲपमध्ये प्रत्येक फेरीची रेघ असते नकाशावर. जूनपासूनचे सगळे रविवार पाहिले. एकही रेघ साखरशेतला जात नाही. सगळ्या मोखाड्याच्या बाजूला, सगळ्या पोशेऱ्याला. आणि तिथे दर वेळी तासभर मुक्काम, एकाच जागी.

नकाशा मोठा केला. ओढा, ओढ्याच्या अलीकडे वळण, वळणावर घर.

माझं माहेर!

बाई असती तर बरं झालं असतं. खरंच. बाईवर चिडता आलं असतं.

१४ ऑक्टोबर

शाळेत लक्ष नाही. मुलांना एकच पाढा दोनदा म्हणायला लावला.

चार वर्षं मी त्या घरी गेलेले नाही. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या बाराव्याला सगळं उरकल्यावर हे अंगणातून आत आले, चेहरा पांढराफटक. "चल. आत्ताच्या आत्ता. कमलेश म्हणाला, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नका." माझा धाकटा भाऊ! मी कडेवर घेऊन वाढवलेला! त्याला विचारायलासुद्धा गेले नाही. म्हटलं, जिथे तुमचा मान नाही तिथे माझा पाय नाही. त्याचा नंबर बंद करून टाकला. माझ्या म्हाताऱ्या आयला सोडलं. दर राखीला, दर दिवाळीला गिळून बसले. कुणासाठी? यांच्यासाठी.

आणि हे तिथे बसून चहा पितात.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज विचारलं. हे बूट बांधत होते.

"साखरशेतला?"

"हो."

"की पोशेऱ्याला?"

नाडी तशीच हातात राहिली. मग म्हणाले, "आईंची तब्येत बरी नसते. बघून येतो. कमलेश भिवंडीला असतो कामाला, पंधरा दिवसांनी येतो, त्यामुळे तोंड बघावं लागत नाही. त्याने माझा मान ठेवला नाही, पण त्यात आईंचा काय दोष?"

"मग मला का नाही सांगितलंत? मला का नाही नेलंत?"

"तूच म्हणाली होतीस, पाय ठेवणार नाही म्हणून. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

माझाच शब्द माझ्याच गळ्यात!

हे गेले. गेलेच! मी म्हटलं थांबतील.

२१ ऑक्टोबर

कमलेशचा जास्त राग येतोय. बायको सांगत असेलच त्याला, भावजी येतात म्हणून. म्हणजे मेहुणा चालतो. बहीण नको.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवस मावळल्यावर चंद्राला ओवाळलं. नखाएवढा होता. पाचव्यांदा.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेले!

यांना म्हटलं, आज तुम्ही घरी थांबा. मला वाटलं अडवतील. "रस्ता वाईट आहे, पंक्चर होईल, ऊन होईल" — तीनदा म्हणाले. मी निघालेच.

रस्ता वाईट नाही. मोठा रस्ता सोडला की इतका शांत की आपलीच चेन ऐकू येते. कापणी चाललेली, भाताचा ओला वास. प्रत्येक चढ म्हणजे मी एक गोष्ट ठरवत होते — कमलेशला हे बोलेन, ते बोलेन. प्रत्येक उतारावर ते विसरत होते. शेवटच्या वळणावर उतरून सायकल ढकलायला लागले. चढामुळे नाही.

आय ओट्यावर बसलेली. किती लहान झालीय! जवळ गेले तरी बघत राहिली. मग म्हणाली, "जयवंती? आज तू आलीस? जावई कुठंय माझा, तुळशी?"

जशी मी गेल्याच आठवड्यात आले होते. मी पायावर डोकं ठेवलं तर माझे केस चाचपायला लागली.

"तू धाडलेलं तेल संपत आलं बघ. गुडघ्याला लय गुण. आन चादरपन उबदार हाय."

कसलं तेल? कसली चादर? मी काहीच पाठवलं नव्हतं.

"तुळशी सांगतो ना — आय, तिला शाळेचं काम लय, तिनं धाडलंय, तिचा जीव तुझ्यात हाय. चांगला हाय गो तुझा नवरा."

रडले. चारचौघात नाही, न्हाणीत जाऊन.

कमलेश नव्हता. रंजनाने, त्याच्या बायकोने, चहा दिला. कप खाली ठेवला, हातात नाही. "ताईंना वेळ झाला म्हनायचा." एवढंच. खालून कप उचलला, प्याले. निघताना म्हणाली, "हे भिवंडीवरनं आले की सांगते, तुम्ही आल्ता म्हनून." मी म्हटलं, सांग. नको सांगू म्हणणार होते, पण सांग म्हटलं.

येताना सगळे चढ सोपे गेले.

२७ ऑक्टोबर

मी चुकले. माणूस दर रविवारी इतकं अंतर तुडवतो, माझ्या नावाने माझ्या आईला तेल देतो, आणि मी त्याचा फोन तपासते! अपमान यांचा झाला होता. तरी यांनी आयला सोडलं नाही. मी पोटची, मी सोडलं.

संध्याकाळी यांच्या आवडीचे वालाचे बिरडे केले. म्हटलं, पुढच्या रविवारी दोघं जाऊ, दोन सायकली. तेव्हा कमलेश असेल. त्याने काय म्हणायचंय ते माझ्यासमोर म्हणू दे, मी बघते.

हे जेवता जेवता थांबले. "कशाला जुनं उकरतेस? झालं ते झालं. तू माफ केलंस, बस."

किती मोठं मन!

३१ ऑक्टोबर

यांना झोप नाही नीट. रविवारी नको म्हणतात, गुडघा दुखतोय. कालपर्यंत तर ठीक होता.

२ नोव्हेंबर, रविवार

आम्ही गेलो नाही. कमलेशच आला. रंजनाने सांगितल्यावर सकाळची पहिली गाडी पकडून. दारातच उभा, चप्पल न काढता. "ताई, आत येऊ का? का अजून राग हाय?"

मी म्हटलं, राग माझा की तुझा? दारात पाय ठेवू नका कोण म्हणालं होतं?

त्याला कळेचना. दोनदा विचारलं त्याने, "कोनाला? मी?" मग म्हणाला, "मी भावजींना एवढंच इचारलं व्हतं बाराव्याला — ताईची बदली पोशेऱ्याच्या शाळंत व्हईल का, ती हितंच ऱ्हाईल, आयला सोबत व्हईल. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन — तुझ्या ताईला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

हे मागच्या पडवीत सायकल पुसत होते. सगळं ऐकू जात होतं.

पुसतच राहिले.