फियाटचे मागचे दिवे

२ नोव्हेंबर
समीक्षाचा अमरावतीहून फोन. लेक काळजीनं बोलते, पण फार बोलते. म्हणाली, आई, बाबांची फियाट आता देऊन टाक. राळेगाव रोडवर धावजीचा ढाबा आहे, तो दोनदा विचारून गेला. गाडी ढाब्यासमोर ठेवणार, गिऱ्हाइकं फोटो काढतील. मी म्हटलं, चालती गाडी कुणी शोभेला ठेवतं का? ती म्हणाली, चालते कुठे? आणि मागून तर दिसतही नाही. यवतमाळहून येताना बाबांना मोटरसायकलवाल्यानं मागून ठोकलं होतं, विसरलीस का?

विसरले नाही. शांतपणे विचार केला. मुद्दा एकच निघतो. टेल लाइट आणि ब्रेक लाइट ठळक केले की समीक्षाला बोलायला जागा उरत नाही. आठवड्याचं काम.

चैत्रात हे गेले, तेव्हापासून इंजिन सुरू झालेलं नाही. पण तो वेगळा विषय. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाला विश्रांती लागतेच.

यात भावनेचा प्रश्न नाही. एवढी जुनी गाडी कळंबात दुसरी नाही, म्हणून जपायची.

३ नोव्हेंबर, सकाळी
दिव्यांच्या लाल काचा काढून तारेच्या घासणीनं घासल्या. घाण गेली. चमकही गेली. ताक सांडल्यासारख्या दिसतात. दोष घासणीचा. पूर्वीच्या घासण्या मऊ असत.

५ नोव्हेंबर
एसटी स्टँडजवळच्या रामधन इलेक्ट्रिकवाल्याकडून बॅटरी चार्ज करून आणली. दिवे लागले. शेजारची धुरपताबाई कुंपणावरून म्हणाली, काय वं, गाडीले उदबत्ती लावली का?

ब्रेक लाइट तपासायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक गाडीच्या मागे. मागे उभं राहायचं काम कायम माझं होतं. आज धुरपताबाईला आत बसवलं. दाब म्हटलं. काही नाही. जोरात दाब म्हटलं. काही नाही. ती आतून म्हणाली, आता का पाय मोडू का माह्या? जाऊन पाहिलं तर क्लच दाबून बसलेली. मधलं दाबायला सांगितलं. दिवा लागला, पण हाताची सावली केल्यावरच कळला.

लागला तर खरा. सुरुवात चांगली.

९ नोव्हेंबर
माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचनालय आणि रद्दीच्या दुकानातून. दहावीच्या विज्ञानातला विजेचा धडा दोनदा वाचला. सर्किट पूर्ण हवं. गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. पत्रा गंजला की वाट अडते. इतकं सोपं आहे.

सँडपेपरनं दोन्ही होल्डरखालचा गंज खरवडला. उजवा दिवा ठळक झाला. डावा बंद पडला.

निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही.

१० नोव्हेंबर
डाव्याची वायर माझ्याच हातून तुटली होती. रामधननं येऊन जोडली. म्हणाला, काकू, तुम्ही पुस्तक वाचा, मी दिवे पायतो. उद्धट आहे, पण हात चांगला.

१२ नोव्हेंबर
नवीन कल्पना. बल्बच्या मागचा पत्रा काळा पडलाय, तिथं चंदेरी कागद लावला की उजेड दुप्पट. घरात तसा कागद नव्हता. कपाटात यांच्या गोळ्यांची पाकिटं होती. कपाट रिकामं करायचंच होतं, राहून जात होतं. गोळ्या एका वाटीत काढल्या, पाकिटांची चंदेरी बाजू सोलून दिव्यात चिकटवली. स्विच लावला. चर्र झालं, धूर आला, फ्यूज उडाला.

रामधन म्हणाला, चांदी होल्डरले लागली, शॉर्ट झालं. कायले स्वतःच्या जिवावर उठून राह्यल्या?

चांदी काढून टाकली. गोळ्यांची वाटी परत कपाटात ठेवली. ओल्या कचऱ्यात टाकायच्या की सुक्या, ते आधी विचारायला हवं.

१३ नोव्हेंबर
निश्चय. आजपासून आठ दिवस गाडीकडे बघायचं नाही. माणसानं अलिप्त राहायला शिकलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
गाडीत बसले थोडा वेळ. डावीकडच्या सीटवर, नेहमीच्या. वापर नसला की सीटच्या स्प्रिंगा धरतात. हा देखभालीचा भाग आहे, निश्चय मोडणं नव्हे.

१८ नोव्हेंबर
रामधननं यवतमाळहून एलईडी बल्ब आणले. पांढरे. लाल काचेतून गुलाबी दिसले, लग्नाच्या मांडवासारखे. परत पाठवले.

२१ नोव्हेंबर
लाल एलईडी आले. बसवले. उजेड असा की मागची भिंत लाल झाली. धुरपताबाई पदर डोळ्यावर घेऊन म्हणाली, बाप्पा, डोळे गेले ना माहे. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून जेवले.

फक्त एक बारीक अडचण. टेल लाइट इतके ठळक झालेत की ब्रेक दाबल्यावर फरकच कळत नाही. धुरपताबाई आतून विचारत राहिली, दाबू का सोडू? मी मागून दोन्हीला हो म्हणत राहिले. रामधन म्हणाला, काकू, आता तुमची गाडी कायमच ब्रेक मारून उभी हाय.

२४ नोव्हेंबर
रामधननं टेलच्या वायरीत रेझिस्टन्स टाकला. टेल मंद, ब्रेक प्रखर. डावा-उजवा सारखे. काम पूर्ण.

धुरपताबाई कापूस वेचायला गेली होती, म्हणून शेवटची तपासणी एकटीनं केली. सीट आणि ब्रेकच्या मध्ये मुसळ अडकवलं आणि मागे जाऊन उभी राहिले. दोन्ही दिवे लख्ख. मागून पाहिलं की आत कुणीतरी पाय ठेवून बसलंय असं वाटतं. प्रखर उजेडानं तसं होत असावं. दिवे पिवळट होऊन विझेपर्यंत उभी होते. बॅटरी किती वेळ पुरते तेही तपासायचंच होतं.

२५ नोव्हेंबर
बॅटरी पुन्हा चार्जिंगला. समीक्षाला फोन केला, ये आणि बघ. ती लगेच येते म्हणाली. मला वाटतं तिलाही गाडी ठेवायचीच आहे, फक्त निमित्त हवं होतं.

२९ नोव्हेंबर
समीक्षा आणि जावई आले. मी दिवे दाखवले. जावई म्हणाले, मस्त झालेत. समीक्षानं स्वतः ब्रेक दाबला, स्वतः मागे येऊन भिंतीवरचा उजेड पाहिला. छान आहे म्हणाली. मग किल्ली फिरवली. इंजिनातून काही आवाज नाही. जावयांनी बॉनेट उघडलं तर आत उंदरांनी कापसाचं घर केलेलं, निम्म्या वायरी कुरतडलेल्या.

मी म्हटलं, तू दिव्यांचं बोलली होतीस.

ती म्हणाली, आई, मी दिव्यांचं एक वाक्य बोलले होते. तू रोज संध्याकाळी या गाडीत जाऊन बसतेस. धुरपतामावशीनं सांगितलं. काल जेवायला हाक मारली तरी आली नाहीस म्हणे.

मी स्प्रिंगांचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग म्हणाली, मी आता याच्यापुढे काही बोलत नाही, तूच सांग काय करायचं.

मी चहा टाकायला आत गेले. त्याला ती होकार समजली असावी. बाहेरून धावजीला फोन केल्याचं ऐकू आलं. मी दूध उतू जाऊ नये म्हणून तिथंच थांबले.

१ डिसेंबर
जावई काल परतले, समीक्षा थांबली. धावजी सकाळी येणार होता. आला दिवस बुडताना. त्याचा माणूस उकंडा बरोबर, आणि एक ट्रॅक्टर. समीक्षा म्हणाली, बरं झालं, मी असतानाच होऊन जाईल.

धावजीनं दोर बांधला, आभाळाकडे पाहिलं आणि सोडायला लागला. म्हणाला, अंधार पडून राह्यला. रोडवर कापसाच्या गाड्या हायेत. इतकी जुनी गाडी, मागून कोणाले दिसन नाही दिसन. उद्या सकाळी नेतो, आजची रात्र राहू द्या इथंच.

मी म्हटलं, दिसणार नाही कशी? स्वतः जाऊन स्विच लावला. उकंडाला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. धावजीला हाताला धरून मागे नेलं. रेझिस्टन्सचं समजावून सांगितलं.

धावजी म्हणाला, ह्याच्यापुढं त माह्या ट्रॅक्टरचा लाइट काहीच नाही. मंग कायले थांबायचं?

दोर परत बांधला. धावजी ट्रॅक्टरवर, उकंडा फियाटच्या स्टिअरिंगवर. आम्ही फाटकात उभ्या होतो. वळणावर उकंडानं ब्रेक दाबला तेव्हा दोन्ही दिवे एकदम मोठे झाले. धुरपताबाई म्हणाली, किती लांबून दिसते वं. हो, लांबून दिसतात.

समीक्षा झोपली. मी हे लिहितेय. दिवे पूर्वीसारखेच मंद असते, तर गाडी आजची रात्र अंगणात राहिली असती.