बंबाची बाभूळ

मांजरी, रविवार संध्याकाळ

पडलेल्या बाभळीचं सरपण आज रचून संपवलं. पावसाळाभर बंबाला पुरेल. हे म्हणत होते, ताडपत्री चारी बाजूंनी आवळू. म्हटलं, "अहो, लाकूड झाकायचं असतं, कोंडायचं नसतं. गेल्या वर्षीची बुरशी कोणाची?" मग फक्त वरून झाकलं.

तरी शंका आली, आतून वाळलंय ना? ढिगातली दोन लाकडं घेऊन एकमेकांवर आपटली. ठणठणीत वाजली.

आजवर सरपण मामंजीच रचायचे, मला हातही लावू द्यायचे नाहीत. आता त्यांना दिसत नाही. बाजेवरून म्हणाले, "परत वाजीव."

वाजवली. तशीच, ठणठणीत.

"वाळलंय. पुढच्या साली मला इचारू नगं."

मी कुठे विचारलं होतं? पण मग लाकडं वाजवायला मी त्यांच्या बाजेपाशीच का गेले?