विहीणबाईंना काही नाही

आज घरात आलेल्या जिनसा: वकिलांच्या कचेरीतून जाड कागद, चार मागितले तर दहा आले, किंमत चाळीस. निळ्या शाईची बाटली, पंधरा. जुनी अर्धी भरलेली होती, पण वकील म्हणाले की अशा कागदात मध्येच रंग बदलू नये. चहाची पूड, साक्षीदारांसाठी, बावीस. वकिलांची फी इथे लिहीत नाही. लिहिताना हात थरथरला तर उद्या कोणीतरी म्हणेल, म्हातारीचे अक्षर संशयास्पद आहे. हा सगळा खर्च माझा मीच भागवला आहे. मागे राहणाऱ्यांवर त्याचा बोजा नाही.

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर चालवणे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या गृहस्थांची विधवा, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांनी तसे तपासून पाहिले. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि मागच्या खेपेला त्यांनी गोळ्या बदलून खर्च कसा वाढवला तेही सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला माणसे घरी यावी लागतात, आणि आमच्याकडची माणसे आधी दोन गल्ल्या पलीकडे थांबतात, तिथे चहा पितात, मग पोट भरलेय म्हणत माझ्याकडे येतात.

दोन गल्ल्या पलीकडे म्हणजे विहीणबाईंकडे, माझ्या सुनेच्या आईकडे. टेलिफोन खात्यात त्यांनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले. तेव्हापासून लोकांना त्यांच्याशी बोलायची सवय झाली असावी.

हे मृत्युपत्र आताच का, तेही सांगते. माझी एकुलती एक नात, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, परिचारिकेची परीक्षा पास झाली. इथल्याच इस्पितळात तिला नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यापासून ती इथे राहणार. आईवडील दूरच्या शहरात, त्यामुळे राहायला घरे दोन: माझे आणि विहीणबाईंचे. 'कुठे राहायचं ते ठरवून कळवते,' असे तिने मला लिहिले. तेच वाक्य तिने विहीणबाईंनाही लिहिले आहे. मी ते पत्र मागून घेऊन पाहिले. माझ्या पत्रात अक्षर जास्त नीट आहे.

तर माझ्या पश्चात व्यवस्था अशी:

कलम पहिले. बँकेतली ठेव मुलाला. घर मिळत नाही म्हणून त्याने तोंड पाडू नये. त्याचे स्वतःचे घर आहे, त्या घराला लिफ्ट आहे, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याच्या सासूबाईंचा फोटो माझ्या फोटोच्या वर लावलेला आहे. मी विचारले तेव्हा म्हणाला, "अगं आई, खिळा आधीपासून तिथेच होता." व्याजातून त्याने एक हातोडी विकत घ्यावी.

कलम दुसरे. शिवणयंत्र सुनेला. सून चांगली आहे, हे मी कागदावर प्रथमच लिहीत आहे. भिंगरी जन्मली तेव्हा मी या यंत्रावर तिचे अंगडे-टोपडे शिवले, सगळे सरळ टाक्यांचे. विहीणबाईंनी हाताने एकच झबले शिवले, टाके मुंग्यांच्या वाटेसारखे. ते झबले सुनेने कपाटात जपून ठेवले आहे. माझ्याकडचे सगळे फाटले. "फाटले म्हणजे वापरले ना, आई," असे ती म्हणाली. यंत्राला दर महिन्याला तेल द्यावे.

कलम तिसरे. आमच्या ह्यांचा खिळे उचलायचा चिमटा भिंगरीला. बारीक आहे, रोग्याच्या पायातला काटा काढायला कामी येईल. हे उलटी अक्षरे सरळ वाचत, पण माणसे मात्र भोळेपणाने वाचत. विहीणबाईंनी काही विनोद केला की हे तिथल्या तिथे खो खो हसायचे. मी केलेला विनोद त्यांना उशिरा समजे. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आतून हसू ऐकू यायचे, आणि मी स्वयंपाकघरातून विचारायची, "आत्ता कळलं वाटतं?" ते हसू मी जमेला धरले आहे.

कलम चौथे. संध्याकाळच्या प्रार्थनेतली माझी जागा, भिंतीला पाठ टेकून पंख्याखाली बसायची, माझ्या मैत्रिणीला, म्हणजे शाळेतल्या बाईंना. जागा ही मालमत्ता नव्हे असे वकील म्हणतात. त्यांनी तिथे कधी बसून पाहिलेले नाही. अट एकच: बाईंनी ती औषधवाल्याच्या बायकोला देऊ नये. मी आजारी होते त्या आठवड्यात ती बाईंच्या शेजारी येऊन बसली, दोघींनी एकाच पुस्तकात पाहून प्रार्थना म्हटली, आणि मी बरी होऊन गेले तर बाई मला म्हणतात, "अगंबाई, आलीस? आम्हाला वाटलं अजून विश्रांती घेशील." आम्हाला म्हणे.

कलम पाचवे. दाराबाहेरचा लाकडी बाक दूधवाल्याला. त्याने कधीही पाणी घातले नाही. निदान मला कळेल इतके नाही.

कलम सहावे. देवाजवळचा दिवा, माळ आणि प्रार्थनेचे पुस्तक भिंगरीला. तिला म्हणायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, रोग्याची चादर बदलणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. पण दिव्याची वात रोज बदलावी. मी रोज सगळ्यांसाठी मागते आणि शेवटी, पोरीने माझ्याकडे यावे, हे मागते. दोन गल्ल्या पलीकडूनही हेच मागणे जात असणार, उलट दिशेने. देवाची पंचाईत होत असेल, पण मी आधीपासून मागते आहे हे त्याने लक्षात घ्यावे.

कलम सातवे. विहीणबाईंना काही नाही.

त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे. भिंगरी मला नुसती आजी म्हणते, त्यांना आजुली म्हणते. शिट्टी वाजवायला तिला त्यांनी शिकवले. शाळेत पहिल्यांदा नापास झाली त्या सुट्टीत ती रडायला त्यांच्याकडे गेली आणि माझ्याकडे आली ती तोंड धुऊन. मला धुतलेले तोंड मिळाले. स्टेशनवर आम्ही दोघी घ्यायला गेलो की तिची पिशवी माझ्या हातात येते आणि ती त्यांच्या गळ्यात पडते. पिशवी जड असते.

या कलमापाशी वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "आजी, तुम्ही तर सगळ्या गल्लीला वाटून टाकलंत. आता साक्षीला कोण उरलं?"

नियम असा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचे मिळणे धोक्यात येते. साक्षीदार दोन हवेत आणि ओळखीचे हवेत. एक डॉक्टर, त्यांना मी काही ठेवलेले नाही, कारण त्यांनी ते वेळोवेळी नेलेले आहे. वकील स्वतः आपल्या अशिलाच्या कागदावर सही करीत नाहीत. बाईंना विचारले तर म्हणाल्या, "करते की सही. पण मग पंख्याखालची जागा माझी राहील ना?" दूधवाल्याचा बाक काढून घ्यावा असे मनात आले, पण मी त्याला आधीच बोलून बसले होते आणि त्याने घरी भिंतीलगत जागा रिकामी करून ठेवली होती.

वकिलांचे पेन सातव्या कलमावर थांबले. "ह्या कोण? ह्यांना काहीच नाही ना? मग ह्यांनाच बोलवा."

जिला मी मुद्दाम वगळले तीच एकटी सहीच्या लायकीची उरली. मी नको म्हटले. वकील म्हणाले, मग कोणाचं तरी काहीतरी काढून घ्या. मी यादी दोनदा वाचली. एकाचेही काढवेना.

विहीणबाई आज सकाळी आल्या. दारातूनच सुरू झाल्या, "अहो विहीणबाई, मला काही ठेवायचं नाही म्हणून मला बोलावलंत? असा मान मला आजवर कोणी दिला नव्हता हो!" आणि हसल्या. मीही हसले, पण थोडे.

साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही. मी मात्र मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचावा अशी माझी इच्छा होती, विशेषतः आठवे कलम. त्यात मी लिहिले होते: हे घर भिंगरीला, परंतु तिने माझ्या हयातीत माझ्याजवळ राहिले पाहिजे. विहीणबाईंच्या घरी बिऱ्हाड केल्यास तिचा हक्क संपेल.

त्यांनी ते वाचले. हसू गेले.

"ही अट तुम्ही घातलीत?"

"मीच. घर माझं आहे."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "पोरीला घर मिळतंय. वाचेल आणि मुकाट्याने बॅग घेऊन येईल तुमच्याकडे. पण विहीणबाई, ती तुमच्यासाठी आली की घरासाठी आली, हे तुम्ही कोणाला विचारणार? तिला विचारवणार नाही. मला विचारू नका, मी साक्षीदार आहे."

मला राग आला. मी म्हटले, "तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्हाला ती सगळं सांगते. मला विचारते, आजी, गोळी घेतलीस का? मी काय तिची रोगी आहे?"

"सांगते हो, सगळं सांगते," विहीणबाई म्हणाल्या. कपातली साखर त्या उगाच ढवळत राहिल्या. "खिदळते, नकला करते, आणि मग उठते. मी म्हणते, टेक की इथेच जरा. तर म्हणते, आजुली, मला झोप आजीकडेच लागते, आजी काही बोलत नाही, नुसती असते. मी मुद्दाम नवी गादी करून घेतली तिच्यासाठी, विहीणबाई. कापूस स्वतः निवडला. अजून त्या गादीवर मीच झोपते."

हे ऐकून मला काय वाटले ते इथे लिहिण्याचे कारण नाही, पण देवाला स्मरून लिहायला बसले आहे म्हणून लिहिते: फार बरे वाटले. मी त्यांना दुसरा कप चहा दिला आणि साखर माझ्या हाताने घातली.

कलम आठवे, सुधारलेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खालच्या सायकल दुकानावरचा सज्जा आणि जिना मिळून हे घर भिंगरीला, कोणत्याही अटीशिवाय. ती कुठेही राहिली तरी घर तिचेच. मागच्या खिडकीची कडी वर उचलून मग ओढावी लागते. जिन्याची चौथी पायरी कुरकुरते, ती दुरुस्त करू नये, कोण आले ते तिच्यावरून कळते. अट मी मन मोठे करून काढलेली नाही, कोणी तसा गैरसमज करून घेऊ नये. पोर माझ्याकडे यावी ही माझी इच्छा कालच्याइतकीच आहे, किंबहुना आज चहानंतर जास्त आहे. पण ती यावी ती जिना चढून माझ्याकडे. घर आमिषाला लावून तिला आणले, तर ती माझ्या शेजारी झोपलेली असतानाही मी विहीणबाईंवर जळत राहीन. आणि तेव्हा मला कारणही सांगता येणार नाही.

सातवे कलम होते तसेच आहे. विहीणबाईंना काही ठेवले तर त्यांची सही जाईल. हयातीत काही दिले तर बाध येत नाही, असे वकिलांनी सांगितले. बघू.

कलम नववे. माझ्यामागे कोणी मोठा खर्च करू नये. भाषणे नकोत. बोलायचेच झाले तर विहीणबाई बोलतील, त्यांना थांबवणे कोणाला जमणार नाही. त्यांनी लोकांना हसवले तर चालेल. मात्र विनोद माझ्याविषयी असावा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यावर सही केली. यापूर्वी कुठे काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे. अंमलबजावणी मुलाने करावी आणि प्रत्येक वस्तू पोचल्याची पावती घ्यावी.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
वार सोमवार, महिन्याची नऊ तारीख.

लिहून ठेवणार: घराची मालकीण (सही)

साक्षीदार पहिले: गल्लीच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर (सही, न वाचता येणारी, पण त्यांचीच)

साक्षीदार दुसऱ्या: विहीणबाई (सही, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली)

चि. भिंगरीस, या कागदाची नक्कल तुला पाठवत आहे. घर तुझे झाले, तो प्रश्न संपला. आता राहण्याचे सांग. माझ्याकडे की पलीकडे, एकच लिही. 'दोन्हीकडे' असे लिहून आम्हाला गप्प करू नकोस, आम्ही गप्प होणार नाही. फोनही करू नकोस, कोणाकडे आधी वाजला यावरून पुन्हा सुरू होईल. आम्हा दोघींना मिळून एक पत्र लिही आणि ते माझ्या पत्त्यावर घाल. त्या इथे येऊन ऐकणार आहेत, तसे ठरले आहे. उत्तर त्यांच्या बाजूचे असले तरी मी ते शेवटपर्यंत मोठ्याने वाचीन. मध्ये अडखळलेच, तर तुझ्या अक्षराला नावे ठेवीन. उलट टपाली कळव.