आठ झडपा आणि तुझं कार्ड

चिरंजीव धाकट्या भावास,

थोरल्या बहिणीचे तोंड भरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? (गेला नसेल तर औषध कडू म्हणून मोरीत ओतत असणार, मी ओळखते तिला.) इकडे आम्ही सुखरूप, गाडीही सुखरूप, त्यातही गाडी जास्त.

मोटारीचं इंजिन टकटक करतंय हे तुला कळवलंच होतं. अंगणापलीकडे घड्याळजींचं दुकान. आमच्या टकटकीत त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू येईना. आमचीच टकटक ऐकून, बंद पडलेलं घड्याळ चालू समजून त्यांनी गिऱ्हाइकाला परत दिलं. (चूक त्यांची, बोलणी आम्हाला.) भांडण असं पेटलं की ह्यांनी तावातावाने सांगून टाकलं, रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी वखारवाल्याला देतो, त्याला करवत चालवायला इंजिन हवंच आहे. जन्मभर सगळ्यांच्या मागे बसले रे मी. आता नातवंडं झाल्यावर कुठे पुढच्या सीटवर बसून नदीपर्यंत जायला मिळतंय, ते करवतीला द्यायचं?

ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. झडप आणि तिला खालून ढकलणारा दांडा यांच्यात फट असते म्हणून आवाज येतो, एवढं कुठेसं ऐकलं आणि आठही फटी आवळून बंद केल्या. आवाज गेला. गाडीही गेली, म्हणजे चढावर जाऊन बसली. ढकलता ढकलता मी म्हटलं, "अहो, झाकण नीट टेकलं नाही की वाफ निघून जाते, तसं झालं असेल." हे म्हणाले, "तू आपली चूल बघ." दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं, त्यात अगदी तेच: झडप तापली की लांबते, फट नसली तर पुरती टेकत नाही, तिला या कार्डाच्या जाडीएवढी जागा ठेवा. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. (तिसऱ्यांदाही वाचणार होते, पण हे अंघोळीला गेले.)

मग तुझ्याच कार्डाची पट्टी कापून आठही फटी मोजून लावल्या. तरी एक टकटक उरलीच. मी लाकडी डावाचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि एकेक झडप ऐकत गेले. पुढून तिसरी! तिचाच नट ढिला होऊन फट वाढत होती. ह्यांनी पाना माझ्या हातून घेतला आणि नट आवळला. संध्याकाळी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून आले (ऐकायला भिंग कशाला, कोण जाणे) आणि म्हणाले, "चालू कधी करताय?" चालूच होती.

रविवारी नदीपर्यंत जाऊन आलो. मी पुढे.

तुझी ताई

ता. क. कार्डाच्या कापलेल्या पट्टीवर तू येण्याची तारीख होती, ती तेलात गेली. परत कळव.

आणखी ता. क. पत्र खरं यासाठीच. गाडी आता गुपचूप चालते हे वखारवाल्याने पाहिलं. करवत राहिली बाजूला, त्याला स्वतः मिरवायला हवी झालीय. रोज येऊन ह्यांच्या हाताची तारीफ करतो, आणि तारीफ झाली की हे विरघळतात. येत्या सोमवारी तो चालवून बघणार आहे. टकटकणारी गाडी काही कोणी मिरवत नाही. घड्याळजी त्या दिवशी लेकीकडे जाणार, मी विचारून ठेवलंय. तिसरी झडप मला माहीत आहे, पानाही सापडलाय, फट मोजायला पट्टी तेवढी हवी. तेव्हा उत्तर लगेच लिही, आणि घरात असेल त्यातल्या सगळ्यात जाड कार्डावर लिही.