कोकमतेलातली वडी

पोलादपूर,
ता. ४ एप्रिल १९८२

प्रिय मित्र हारून यास,
श्रीपतचा सप्रेम जयभीम आणि सलाम. वि. वि.

पत्र लिहायला बसलो आणि खिडकीतून सावित्री दिसली. एप्रिलची सावित्री म्हणजे पाणी थोडं आणि गोटे फार, पण हीच पुढे तुझ्या महाडाशेजारून, दासगावावरून आपल्या तुडील गावाला जाते हे आठवलं, की माझा पेन तासभर हवेतच राहतो. सूनबाई ललिता आत्ताच येऊन विचारून गेली, की आबा, लिहिताय की नुसते भिजताय.

तू ३ मे रोजी अजमलकडे कुवेतला जाणार आणि महरुन्निसावहिनीही बरोबर, हे कळलं. मुलाने बोलावलं तर बापाने जावं. पण आपल्या वयाचा माणूस विमानात बसला की परतीचं तिकीट देवाच्या नाहीतर डॉक्टरच्या हातात असतं. तेव्हा जाण्याआधी तुला काहीतरी द्यायचं मी ठरवलं आहे, आणि ते बाजारातलं नसेल. मी स्वतःच्या हाताने काजू घातलेली चॉकलेटची वडी करणार आहे.

हसू नकोस. दोन वर्षांपूर्वी अजमलने दिलेला कोकोचा डबा आमच्या फडताळात बिनफोडलेला आहे. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कृती आली होती, ती मी शुद्धलेखन सुधारून वहीत उतरवून घेतली आहे. वडी का, ते तुला सांगायला नको. दासगावचं बंदर, १९३४ साल, आपण दोघं अकरा वर्षांचे, मडमेने दिलेली ती वडी आणि ते मेलं वानर! माझ्या कवितेत ते सगळं आहेच:

वानर आले, वडी पळवली, उडी मारुनी गेले,
हारून रडला ओक्साबोक्शी, मी त्या समजावले.

चौतीस वर्षं शाळेत किती कविता शिकवल्या, पण मुलांना माझीच ही जास्त आवडली. असो. वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो समुद्रापलीकडेही असू द्यावा.

तुझा,
श्रीपत

---

महाड,
ता. ८ एप्रिल १९८२

श्रीपत गुरुजी यांस,
हारूनचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सावित्रीचं वर्णन महरुन्निसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊजी मुद्द्यावर येईपर्यंत आपण कुवेतला पोचू.

चॉकलेटचं म्हणशील, तर अजमल दर खेपेला पेटी भरून आणतो. आळीतली पोरं आता मला बघितलं की म्हणतात, चाचा, चॉकलेट नको, लिमलेटची गोळी द्या. आणि तू मला कुवेतला जाताना चॉकलेट देणार, म्हणजे सावित्रीला घागरभर पाणी. शिवाय खालचे दात माझे उरलेत चार. पोलादपूरहून महाडला एसटीला पाऊण तास लागतो. वडी राहू दे, तू ये.

दुसरं, त्या कवितेचं. गेल्या गॅदरिंगला तुझ्या शाळेने मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एका पोराला शेपूट लावलेलं, दुसरा माझ्यासारखी टोपी घालून गळा काढून रडत होता, आणि तालुका टाळ्या वाजवत होता. प्रमुख पाहुण्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, की तो रडणारा हारून हाच का. तेव्हापासून माझ्या लाकडाच्या वखारीत रंधा मारणारा गडीसुद्धा मला बघून ओठ दाबतो. मी निघालो, पण माझ्यामागे या तालुक्यात रडका हारून कायमचा राहणार. मी रडल्याचं मला तरी आठवत नाही. तू मास्तर माणूस, तुझी स्मरणशक्ती मोठी. जरा नीट आठवून बघ.

ललिताला दुवा. येणार असशील तर कळव, नसशील तरी ये.

तुझा,
हारून

---

पोलादपूर,
ता. १४ एप्रिल १९८२

तीर्थरूप हारूनचाचांस,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

आज बाबासाहेबांची जयंती, वाडीत मिरवणूक आहे, आणि मी कढई घासते आहे. तुमचं पत्र आबा दिवसातून तीनदा काढून वाचतात. मी म्हटलं, एवढं मनात आहे तर जाऊन या महाडला. तर म्हणाले, समोर बसून जमायचं नाही, वडी पाठवली की ती बोलेल. वडी काय बोलेल ते ऐका.

पहिल्या खेपेला त्यांनी कोकोत साखर, लोणी आणि काजू घालून घोटलं, आणि पाक झाला का बघायला थेंब थेंब पाण्यात टाकत बसले, चिक्कीला टाकतात तसे. मी सांगितलं, की आबा, हा गूळ नव्हे. ते म्हणाले, तत्त्व एकच. झालं असं की ते आळून येईना. दोन दिवस परातीत चिखल, आणि भोवती मुंग्यांची जत्रा. मग त्यांना सुचलं, की लग्नात दह्याचं भांडं विहिरीत सोडून गार ठेवतात, तसं हे सोडावं. कडीच्या डब्यात भरून दोर बांधून वाडीच्या विहिरीत सोडलं. झाकण पाण्यात उघडलं, चाचा. उन्हाळ्याची विहीर, पाणी कमरेएवढं. सकाळी चंपाबाईचा हंडा तपकिरी निघाला.

पुढचं विचारू नका. ग्रामसेवक आले, त्यांनी बाटलीत नमुना घेतला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पाण्यास अनोळखी गोड वास येतो असा अहवाल लिहिला. पंचांची सभा बसली. विहीर बाटली म्हणून एक म्हातारा ओरडला, तेव्हा आबा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, की एके काळी आपण हात लावला तर पाणी बाटायचं, आता चॉकलेटने बाटतं आहे, ही प्रगती समजावी. सभा हसली. ठराव झाला, की विहिरीत औषध टाकावं, आणि वडी जमली तर पंचांना चाखायला द्यावी.

आता खरी गोष्ट. पुरवणीत कोकोचं लोणी घाला असं लिहिलेलं. ते काय, म्हणून आबा दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारून आले. तो म्हणाला, ते मूळव्याधीच्या औषधात घालतात. आबांनी वही मिटली. पण शेजारच्या येसूबाई उंबऱ्यात बसून टाचांच्या भेगांना कोकमतेल चोळत होत्या. त्यांनी तो पांढरा गोळा पुढे केला, आणि म्हणाल्या, की ह्यो घाल गो त्यात, ह्यो वैशाखातबी पातळ होत नाय. मी त्यांच्या फडताळातला नवा, न वापरलेला गोळा मागून घेतला, एवढं तुमच्या समाधानासाठी लिहिते. उद्या घालून बघणार.

चाचा, शेवटचं एक. कढई ढवळताना आबा एकटेच बोलतात. माकड नव्हतं, एवढं मला कळलं. बाकी त्यांनीच तुम्हाला सांगावं, आणि सांगितल्याशिवाय तुम्ही विमानात बसलात तर हा माणूस माझ्या घरात उरलेला जन्म कढई ढवळत काढील. म्हणून विनंती, की वडी कशीही आली तरी परत पाठवू नका.

चाचीजींना नमस्कार. लेकीवर माया आहे ती असू द्या.

आपली,
ललिता

---

पोलादपूर,
ता. २१ एप्रिल १९८२

प्रिय हारून यास,
सप्रेम जयभीम आणि सलाम. वि. वि.

वडी जमली. येसूबाईंच्या कोकमतेलाने जमली हे लिहायला संकोच वाटतो, पण सत्य लिहिण्याचं मी आज ठरवलं आहे, तेव्हा सुरुवात सोप्या सत्यापासून करतो. काजू आमच्या परसातले, भाजून सोललेले. परातीत थापली, तासाभरात दगड झाली. पंचांसाठी थोडी वेगळी थापली होती, ती त्यांनी चाखली. दोघांनी उत्तम म्हटलं, तिसऱ्याला अजून बोलता येत नाही.

एसटीचा कंडक्टर चांगू माझा विद्यार्थी, त्याच्या हाती सोबतचं पुडकं देतो आहे. वडी अख्खी आहे. मी कापलेली नाही. कापायचा मला अधिकार नाही.

आज सकाळी पळस बघितला. पानं नाहीत, पण फुलं गेली तरी झाड ओळखू येतं. मनात ओळी जुळायला लागल्या होत्या, पण ललिता पाठीशी उभी आहे आणि म्हणते आहे, की पळस पुरे.

तर हारून, दासगावला त्या दिवशी मडमेची टोपी वाऱ्याने खाडीत गेली. मी उडी मारून ती काढली, तू काठावर माझा सदरा धरून उभा राहिलास. तिने वडी मला दिली. अर्धी तुझी, हे न बोलता ठरलेलं होतं, आपलं सगळंच तसं ठरलेलं असे. पानावर ठेवून नीट तोडून आणतो असं सांगून मी बंदरावरच्या वखारीच्या मागे गेलो. एक कोपरा चाखला. मग दुसरा. मग पान रिकामं होतं.

वानर मी तिथेच रचलं. पुढे त्याला यमक सापडलं, आणि यमक सापडलं की मला गोष्ट खरी वाटायला लागते, हा माझा जुना रोग. अठ्ठेचाळीस वर्षं मी तुझं नाव त्यात घालून पोरांकडून पाठ करून घेतलं. शिक्षा मी वर्गात पुष्कळांना केल्या, स्वतःची कशी करतात ते माहीत नाही. तू सांग.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज ते लिहिताना हात थांबला.

श्रीपत

---

महाड,
ता. २६ एप्रिल १९८२

श्रीपत,
सलाम.

वडी पोचली. चांगूने पुडकं असं धरून आणलं, जणू आत विंचू आहे. सुरी लावली, सुरी वाकली. अडकित्ता लावला, अडकित्त्याने हार मानली. शेवटी वखारीत नेली आणि साग कापायच्या बारीक करवतीने मधोमध कापली. भुसा पडला तो महरुन्निसाने दुधात घालून घेतला, म्हणाली चांगला आहे. चवीचं म्हणशील तर आधी काजू लागतो, मग कोको, आणि अगदी शेवटी येसूबाईंची आठवण येते.

आता तुझ्या वानराचं. दासगावच्या त्या वखारीमागे एकही झाड नव्हतं, वानर आलं कुठून? तू परत आलास तेव्हा तुझ्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत तपकिरी रंग होता आणि रडत तू होतास. मी तुझा सदरा धरून तसाच उभा होतो. अकरा वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो.

मग बोललो का नाही? त्या दिवशी सकाळी बंदरावरच्या हॉटेलात मला कपात चहा मिळाला होता आणि तुला बाहेर उभं करून ओंजळीत वरून पाणी. दुपारी मडमेने ती वडी तुझ्या तळहातावर ठेवली. ठेवली, श्रीपत, वरून टाकली नाही. तू वडीकडे बघत नव्हतास, तळहाताकडे बघत होतास. ती तोडून माझ्या वाटणीची मागावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चॉकलेटचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

रडण्याचा मात्र ठेवला आहे. तुझं रडणं तू माझ्या नावावर लिहिलंस आणि वर मला समजावलंस म्हणून टाळ्या घेतल्यास. शिक्षा विचारतोस, तर ही: ओळ बदल. आणि बदललेली ओळ पोरांकडून नव्हे, तू स्वतः सगळ्यांसमोर म्हण.

तुझी अर्धी वडी चांगूच्या हाती परत पाठवतो. माझी अर्धी कुवेतला येते आहे. २ तारखेला सकाळी मुंबईची एसटी धरतो, स्टँडवर ये. आता समोर बसायला तुला काही अडचण नसावी.

तुझा,
हारून

---

पोलादपूर,
ता. १७ ऑगस्ट १९८२

तीर्थरूप हारूनचाचांस,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कुवेतचं पत्र वाचून आम्ही खूप हसलो. वीज गेली आणि अजमलभाईंच्या कपाटातली सगळी परदेशी चॉकलेटं खीर झाली, पण पोलादपूरची अर्धी वडी तशीच उभी राहिली, हे आबांनी वाडीत घरोघरी वाचून दाखवलं. येसूबाई तेव्हापासून ताठ चालतात. मी म्हनलंच हुतं, असं त्या रोज एकदा ऐकवतात.

आबांची अर्धी वडी स्टँडवरून निरोप देऊन आल्या दिवसापासून डब्यात होती. रोज उघडून बघायचे, खायचे नाहीत. ओळही बदलत नव्हती. वहीत सतरा वेळा खोडलेली मी मोजली. यमक जुळलं की खोटं होतं, आणि खरं लिहिलं की यमक सुटतं, म्हणून चिडत होते.

परवा शाळेत झेंडावंदन झालं. हेडमास्तरांनी नेहमीप्रमाणे पोरांना शेपूट लावून तयार ठेवलं होतं. आबा उठले, पोरांना खाली बसवलं आणि स्वतः माइकपुढे गेले. बाकीची कविता तीच, शेवटी एवढंच म्हणाले:

वानर नव्हते. मीच होतो, वखारीच्या मागे.
हारून माझा सदरा धरून काठावर उभा होता.

यमक नाही, चाचा. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तसंच ठेवलं. कुणालाच टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कळेना. मग आबांनी खिशातून पुडकं काढलं, आणि तिथेच, व्यासपीठावर, साऱ्या गावादेखत अर्धी वडी खायला सुरुवात केली. तुम्हाला माहीत आहे ती किती कडक आहे. आभाराचं भाषण हातात घेऊन हेडमास्तर वीस मिनिटं उभे राहिले. पावसाची सर आली तरी कुणी उठलं नाही. मागून एका पोराने विचारलं, की गुरुजी, अर्धीच का. आबांच्या तोंडात काजू होता, म्हणून त्यांनी नुसता हात वर करून पश्चिमेकडे दाखवला.

तुमचीही आता खाऊन टाका, असा त्यांचा निरोप आहे. दात नसले तर करवत आहेच.

चाचीजींना नमस्कार, अजमलभाईंना सांगा कोकोचा डबा संपला. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली लेक,
ललिता